शिकाऊ मुलांची बोटे आणि आमचे कटिंग मशीन

आम्ही कापडाचे व्यापारी. दुकानात तागा कापायला आम्हाला कात्री पुरते. पण तयार कपड्यांच्या धंद्यात कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक अंथरून विजेच्या उभ्या पात्याने कापावे लागतात. हे काम शिकलेल्या मुलाला धारावीपासून कुठेही रोजगार मिळतो. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही चार व्यापाऱ्यांनी वर्गणी करून एका शिवण वर्गाला जुने कटिंग मशीन घेऊन दिले. भिंतीवर आमच्या नावांची पाटीही लागली. त्याच यंत्रावर एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले. आज लिहितो आहोत ते त्या पाटीची लाज वाटते म्हणून.

घडले ते असे. मुलगा कापत असताना वीज गेली. पात्याखाली कापडाचा दोरा अडकला होता, तो काढायला त्याने हात घातला. बटण चालूच राहिले होते. वीज परत आली आणि पाते सुरू झाले. मुलाने बटण बंद करायला हवे होते, हे खरे. पण शिकणारा विसरतो, म्हणून तर तो शिकणारा. यंत्रानेच त्याला सांभाळायला हवे होते आणि ते आम्ही दिलेल्या यंत्रात नव्हते.

यावरचा इलाज आमच्या गावातल्या प्रत्येक मागवाल्याला ठाऊक आहे. हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर! वीज गेली की त्याची कॉइल सुटते. वीज आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मागाला आम्ही तो बसवतो, कारण मोटर जळली तर नुकसान आमचे. मुलाच्या बोटासाठी मात्र तो बसवायचे आम्हाला सुचले नाही. मध्यम प्रतीच्या एका ताग्याच्या किमतीत हे काम होते.

दुसरी गोष्ट पात्यापुढच्या संरक्षक पट्टीची. उभ्या पात्याच्या मशीनला ही पट्टी कारखान्यातूनच येते. ती थराच्या अगदी जवळ, बोट शिरणार नाही इतकी खाली आणायची असते. कटिंग मास्टर म्हणतात, पट्टीमुळे खडूची रेघ दिसत नाही, हात मंदावतो. म्हणून ती वर बांधून ठेवतात, नाहीतर काढूनच टाकतात. आमच्या यंत्राची पट्टी आधीच्या मालकाने काढलेली होती. घेताना आम्ही भाव पाहिला, पट्टी पाहिली नाही.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. उजवा हात मूठ धरतो, डावा कापड दाबतो आणि नेमका तोच पात्याच्या वाटेवर येतो. त्या हातात स्टीलच्या कड्यांचा जाळीदार हातमोजा हवा. तो मुलाच्या मापाचा असावा, मोठ्या माणसाचा ढिला मोजा नको. मनगटाचा पट्टा लोंबता कामा नये. कापड दाबायला वजने आणि क्लॅम्प वापरले तर हात पुढे न्यायची गरजही कमी होते.

वायर टेबलावर लोळू नये. वरून टांगलेली असावी, नाहीतर पाते आपलीच वायर कापते. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर बसवावा. धातूचा मोजा घातलेल्या हाताला तर याची जास्तच गरज आहे.

शिकवण्याची रीतही बदलावी लागेल. पहिले काही दिवस प्लग काढलेले मशीन रेघेवरून ढकलायला लावावे. मग चिंध्यांचे चार-सहा थर, मग थोडे जाड. एका वेळी यंत्रावर एकच मुलगा, बाजूला मास्टर. पात्याला धार लावताना किंवा अडकलेले कापड काढताना कोणी जवळ बोलू नये. आणि कापड काढण्याआधी प्लग काढायचा, हे तोंडपाठ झाले पाहिजे. सूचनांचा कागद इंग्रजीत डकवून भागत नाही. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी कागदासमोर मान हलवून पुढे जाणे काय असते ते आम्हाला माहीत आहे. मुले ज्या भाषेत वाचतात त्या उर्दूत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, सोबत चित्र काढा.

कोणी म्हणेल, हा शिकवणी वर्ग आहे, कारखाना नाही, कायदा आम्हाला कुठे लागतो? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 23 मध्ये लिहिले होते की, सरकारने धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर अल्पवयीनांना पूर्ण माहिती, पुरेशी तालीम किंवा जाणकाराची देखरेख यांशिवाय लावू नये. त्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 च्या नव्या संहितेने घेतली. कायदा कोणताही असो, पाते कारखाना आणि वर्ग यांत फरक करत नाही.

आणखी एक ऐकू येते, 'आमचे उस्ताद असेच शिकले.' त्या उस्तादांचे हात एकदा नीट पाहा. बऱ्याच जणांची बोटे पूर्ण नाहीत. त्यांचे हुनर थोर, पण ते त्या तुटलेल्या बोटांमुळे आलेले नाही.

तो मुलगा आज दुकानात हिशेब लिहितो. मशीनपाशी तो परत गेला नाही. आता वर्गाच्या यंत्राला पट्टी, स्टार्टर आणि दोन मापांचे मोजे आम्ही आणून दिले आहेत. सर्व मिळून खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळच निघाला.

व्यापारी बांधवांना एकच विनंती. मशीन दान करायचे असेल तर पट्टी, स्टार्टर आणि मोजा यांसह करा. आधी दिले असेल तर या आठवड्यात जाऊन पाहून या. नावाची पाटी नंतर लावता येईल.