पाला पडतो म्हणून झाड पाडायचं?

मैत्रिणींनो, फाल्गुन लागला की आमच्या नागापुरात गल्लीगल्लीतून एकच त्रागा ऐकू येतो, ‘किती हा पाला! तोडूनच टाका बाई एकदाचं ते झाड!’ कडुनिंब पिवळा पडतो, चार दिवसांत अंगण भरून जातं आणि झाडावरचा राग वाढत जातो. गंमत अशी, की पुढे पाडव्याला गुढीसाठी आणि त्या कडू-गोड प्रसादासाठी कोवळा पाला हवा असतो, तेव्हा ह्याच बायका पिशवी घेऊन त्याच झाडाखाली उभ्या असतात!

हा राग मी समजू शकते. झाड घराचं असतं, सावली सगळ्यांची असते, पण झाडणं मात्र बाईचं. सकाळी डबे करायचे, पाणी भरायचं, मुलांचं आवरायचं आणि वर दोनदा अंगण लोटायचं. त्याच सावलीत गाडी लावणारे, खुर्ची टाकून पेपर वाचणारे खराट्याला हात लावत नाहीत. मग ‘तोडा’ म्हणणारी पहिली बाईच असते, ह्यात नवल काय? म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, झाड तोडण्याआधी घरातलं काम वाटून घ्या. खराटा मुलाच्याही हाती द्या, त्याच्या बाबांच्याही द्या.

आता जरा आपल्या मातीचा विचार करू. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. शहराचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच आहे. नाव कोणतंही घ्या, पाऊस वर्षाला सरासरी 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. 1972 चा दुष्काळ आपल्या सासूबाईंनी सांगितला, 2012-13 आणि 2018-19 ची टंचाई आपण स्वतः पाहिली. एमआयडीसी आली, कामगार आले, नागापूर-बोल्हेगावात प्लॉट पडले, घरं झाली. तेव्हा हौसेनं लावलेले कडुनिंब, चिंच, आंबे, गुलमोहर आज घराच्या गच्चीपेक्षा उंच झालेत. नवीन रोप लावायला फोटोवाले येतात. पण ह्या वाढलेल्या झाडांकडे कोण बघतं? ‘मोठं झालं, आता त्याला काय लागतं?’ असंच सगळ्यांना वाटतं.

लागतं हो! झाडाचं अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पूर्वी अंगण मातीचं होतं, पडेल तो पाऊस मुरायचा. आता आपण काय केलं? दारापासून गटारीपर्यंत फरशी, पुढे रस्त्याला पेव्हिंग ब्लॉक, आणि बुंध्याला गळफास लावावा तसं सिमेंट. वर पाऊस पडतो, तो थेट गटारीत जातो. खाली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, त्यात मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही, तेच फसवं असतं. शेंडा वाळतो, पानं बारीक येतात, एखादी मोठी फांदी निष्पर्ण राहते. मग म्हणायचं, ‘झाड म्हातारं झालं!’

राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. दिल्लीला लागतं ते नगरच्या उन्हात लागत नाही का? तुमच्या गल्लीत काँक्रीटचं काम निघालं, की ठेकेदाराच्या माणसाला चहा द्या आणि चारही बाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवून घ्या. एकदा सिमेंट ओतलं, की नंतर छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं.

पाण्याचं म्हणाल तर रोज तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतणं म्हणजे झाडाची थट्टाच. ते वरच्या वर उडून जातं. आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं आहे, की एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांतून एकदाच, पण पोटभर! फांद्यांच्या टोकाखाली जिथे जागा मिळेल तिथे उथळ आळं करायचं, त्यात एका झाडाला दोनशे लिटरचं एक टिपाड हळूहळू सोडायचं. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून बघायची. दीड फूट सहज गेली तर पाणी मुरलं समजायचं. टँकरच्या दिवसांत पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न रास्तच आहे. आरओच्या यंत्रातून वाहून जाणारं पाणी चालतं, पण तुमच्या बोअरचं पाणी खारं असेल तर ते त्याहूनही खारं निघतं, तेव्हा झाडाला नको. साबण कमी असलेलं अंघोळीचं पाणी चालतं. कपड्यांच्या पावडरचं पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नका. त्यातल्या सोडियमनं काळी माती दगडासारखी होते.

आणि तो पाला! तो पेटवून देऊ नका बायांनो. धुरानं आपलेच डोळे चुरचुरतात, बुंधा भाजतो तो वेगळाच. तोच पाला आळ्यात चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, माती तापत नाही, पावसाळ्यात त्याचंच खत होतं. फक्त बुंध्याला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर वाळवी लागते. अशानं खराट्याचं कामही निम्मं होतं, पाला लांब न्यावा लागत नाही.

वळवाच्या वादळात झाड पडलं, की सगळे झाडाला शिव्या देतात. पण आधी हिवाळ्यात पाइपलाइन, केबल, गटार म्हणून एका बाजूची जाड मुळं कुणी तोडली, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. तारांखालची छाटणीही तशीच. शेंडाच उडवायचा, खुंट लोंबते ठेवायचे. त्या खुंटातून पाणी शिरतं, आतून कुजतं, आणि वर फुटलेले दाट फुटवे कमकुवत असतात, पुढे तेच मोडून पडतात. फांदी काढायचीच तर मुळाशी असलेल्या फुगीर कडेला धक्का न लावता, आधी खालून थोडा काप घेऊन मग वरून कापावी, म्हणजे साल सोलत नाही. भर उन्हाळ्यात एकदम निम्मं झाड बोडकं करू नये, उघडी पडलेली साल उन्हानं तडकते. आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात. घरच्या घरी करायची तर प्लॅस्टिकच्या बादल्यांतच, 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून एक लिटर होईल असं कालवायचं. आंब्याच्या खोडातून भुसा पडताना दिसला तर ते भिरूड. तारेनं अळी ओढून काढावी आणि भोक मातीनं लिंपावं. फार पोखरलं असेल तर राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच रस्त्यावर आहे, तिथे जाऊन विचारा.

वटपौर्णिमेबद्दल थोडं बोलते, राग मानू नका. सुती दोऱ्यानं वडाला काही होत नाही. पण नायलॉनचा दोरा कुजत नाही, आणि बुंध्याला टेकवून लावलेली निरांजनं, कापूर, उदबत्त्या साल जाळतात. आणि बाजारातून विकत आणलेली फांदी? ती कुठल्या तरी वडाचीच तोडलेली असते! आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा महावटवृक्ष आहे. एकदा मुलांना घेऊन जाऊन बघा, पारंब्यांना जमिनीत उतरायला जागा मिळाली की वड कुठवर जातो ते. शहरात मात्र पारंबी दिसली की कात्री चालते.

कायद्याचंही सांगून ठेवते. नागरी भागासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते तुमच्या स्वतःच्या अंगणातलं का असेना. ‘तोडणं’ ह्यात जाळणं आणि इजा करणंही आलं. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा आहे, आणि असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणून आमच्या गटानं आपापल्या गल्लीतल्या मोठ्या झाडांची यादी करायला घेतली आहे. झाड कोणतं, बुंध्याचा घेर किती, कोणाच्या घरासमोर, आणि जुन्या माणसांना विचारून साधारण वय. साडी मोजायच्या टेपनं घेर घेतला तरी चालतो. कुऱ्हाड घेऊन कोणी आलं तर आधी परवानगीचा कागद मागा. नसेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या नावे साध्या कागदावर तक्रार लिहा, चार-पाच घरांच्या सह्या घ्या, आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.