दाव्यात नुसतं 'गवत' लिहू नका



आमच्या भागातल्या एका गावाचा सामूहिक दावा परत आला. शेरा एवढाच : "चराईचा पुरावा जोडलेला नाही." आधी राग आला. मग कागद उघडून बघितला, तर आपणच लिहिलेलं होतं, "आम्ही गुरे चारतो. गवत आहे." झालं, संपलं! शेरा मारणाऱ्यानं डोंगरावर पाय ठेवला नाही हे खरं, पण डोंगर कागदावर आपणही आणला नाही.

जळकोटच्या डोंगरावर काय नुसतं गवत आहे का? पाऊस पडला की कुसळीच्या मधून रानमूग, रानउडीद, रानतूर, गोकर्णीचा वेल वर येतो. ही सगळी शेंगेची जात. यांच्या मुळ्यांना गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. खताचं एक पोतं न टाकता बरड माळ हिरवा होतो तो त्यामुळंच. दिवाळीनंतर कुसळी वाळली की तिच्यात कस उरत नाही. शंभर भागात तीन-चार भाग प्रथिनं, वर तोंडाला कुसळं टोचतात ते वेगळंच. शेंगेच्या पाल्यात तेच बारा-पंधरा भाग असतात. आपल्या म्हाताऱ्यांना हे आकडे ठाऊक नसतील, पण कोणत्या उतारावर चरून आलेल्या शेळीची कास भरते ते त्यांना विचारा.

त्यांना आणखीही ठाऊक आहे. ओला वेल उपाशी पोटी खाल्ला की जनावराचं पोट फुगतं, म्हणून आधी वाळलं चारायचं. खुळखुळ्याच्या शेंगा वाजायला लागल्या की कळप वळवायचा, त्याचं बी विषारी. टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत, आणि जिथं टाकळाच टाकळा माजला तिथला माळ जास्त चरला गेला असं समजायचं. उन्हाळ्यात काहीच नसलं तर बाभळीच्या शेंगा. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चारल्याशिवाय येत नाही. मग पुरावा दुसरा कसला असतो?

२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. नियम १३ मध्ये पारंपरिक चराईच्या जागा, चारा गोळा करायच्या जागा हा पुरावा धरला आहे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. एकावर भागवू नका, दोन-तीन जोडा. (गायरान महसूलचं असतं, तो लढा वेगळा. इथं वनजमिनीचं बोलतोय.)

जिला 'तण' म्हणून बाजूला सारतात ती रानतूर हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेत जपून ठेवलेली आहे. तिच्याशी संकर करून तुरीचे नवे वाण काढायचं काम तिथं झालं. ही संस्था १९७२ ची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्याच सालची. त्यांच्या कपाटात ती मोलाची, आणि आपल्या डोंगरावर पडीक?

देवणी आणि लाल कंधारी ही गुरं याच मुलखात घडली. माळ गेला तर त्यांना विकतची वैरण घालायची आपली ऐपत नाही. मग हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मिळेल त्या भावाला दावं सोडायचं.

आता थोडं आपल्यालाही बोलतो. रोपवनासाठी मशीननं चर खोदले तर आपण आडवे पडतो, बरोबरच आहे. पण नव्या फुटव्यासाठी वणवा लावणारे आपल्यातलेच असतात. बी पडायच्या आधी आग लागली की पुढच्या साली वेल कमीच. बांधावरून तणनाशक उडवत डोंगराच्या पायथ्याला जाणारेही आपलेच. हे थांबवायचा ठराव ग्रामसभेत झाला पाहिजे, भांडण झालं तरी चालेल.

पोळा झाला की वेलींना फुलं येतात, ओळखायला सोपं जातं. तेव्हा वनहक्क समितीनं दोन जुने गुराखी आणि लिहिणारं एक पोरगं किंवा पोरगी घेऊन डोंगर फिरावा. वेलाचं आपल्या बोलीतलं नाव, उताराचं नाव, महिना, कोणाकोणाची जनावरं येतात, सगळं वहीत उतरवावं. धनगर आणि बंजारा भावांची जनावरं येत असतील तर तेही लिहावं, लपवू नये.

परत आलेला दावा आम्ही असाच पुन्हा लिहायला घेतला आहे. पहिल्याच दिवशी वहीची चार पानं भरली. एका आजीनं सांगितलेला एक वेल मात्र आमच्यापैकी कुणालाच ओळखता आला नाही. तो बघायला तिच्यासोबत परत वर जायचं आहे.