शाळकरी फेणेचे वाढलेले वय

साहित्यकृतीवरून चित्रपट निघाला की मराठी समीक्षेत पहिला प्रश्न निष्ठेचा उपस्थित होतो : काय गाळले, काय बदलले? बालसाहित्याच्या संदर्भात हा प्रश्न अपुरा ठरतो. माध्यमांतर कोणासाठी केले, हा तेथे अधिक मूलभूत प्रश्न असतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या ‘फास्टर फेणे’ मालिकेवरील, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. तो याच अंगाने तपासला पाहिजे.

जूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांनी स्वतःच्या नायकाला मात्र जादूची कांडी दिली नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला किडकिडीत बनेश. सायकल, चापल्य आणि ‘ट्टॉक्’ हा उद्गार एवढेच त्याचे भांडवल. तरीही मालिकेचा गाभा अद्भुताचाच आहे, आणि ते अद्भुत काळाच्या हाताळणीत आहे. नायक प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, १९६२च्या चीन युद्धाची झळही या कथाविश्वाला लागते. भोवतीचे जग पुढे सरकते. फेणे मात्र शाळकरीच राहतो. वाचकांच्या पिढ्या बदलल्या तरी तो प्रत्येक पिढीचा समवयस्क राहिला, याचे रहस्य येथे आहे.

कॅमेऱ्यापुढे ही सवलत नाही. तेथे मुलाचे शरीर वाढते, आवाज फुटतो. रोलिंगबाईंचा नायक पुस्तकागणिक एकेका वर्षाने मोठा होत असल्याने २००१ ते २०११ या काळातील हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांना ही अडचण उलट पथ्यावर पडली. नार्नियाच्या सात पुस्तकांपैकी २००५ साली सुरू झालेली चित्रमालिका मात्र २०१० मध्ये तिसऱ्यावरच थांबली. मराठीत १९८०च्या दशकातील दूरदर्शन मालिकेने सुमीत राघवन या कुमार नटाच्या रूपाने फेणेचे वय सांभाळले होते. (त्या मालिकेची साधने तुटपुंजी होती, पण तिला आपला प्रेक्षक ठाऊक होता.)

२०१७च्या चित्रपटाने हा पेच सोडवला नाही, टाळला. क्षितिज पटवर्धन यांच्या पटकथेतील फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. एका परीक्षार्थीच्या मृत्यूला आत्महत्या ठरवले जाते आणि शोध घेता घेता परीक्षेतील गैरव्यवहाराचे जाळे उघड होते. थरारपट म्हणून रचना बांधीव आहे, गिरीश कुलकर्णींचा खलनायक धारदार आहे. अमेय वाघ यांनी फेणेची लगबग नेमकी पकडली आहे. गावाकडचा मुलगा आज पुण्यात येतो तो परीक्षेच्या वाटेने, हे पटकथाकाराचे निरीक्षणही खोटे नाही. पण त्यामुळे बारा वर्षांच्या प्रेक्षकाच्या हातात काय उरले? जो मित्र होता तो थोरला भाऊ झाला. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतांनाच पडद्यावर आणणे ही आदरांजली हृद्य आहे. ती पोचते मात्र ज्यांनी लहानपणी पुस्तके वाचली त्या पालकांपर्यंत. मूल शेजारच्या खुर्चीवर बसून आईवडिलांचे स्मरणरंजन पाहते.

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरील पासलीसारख्या गावात या फरकाचे मोल अधिक असते. तेथील पाचवी-सहावीतल्या वाचकाला फेणे सांगत होता की खेड्यातून आलेल्या पोराला मोठ्यांच्या जगात शिरायला वय वा गुणपत्रिका लागत नाही, सायकल पुरते. चित्रपटातील पुण्याच्या दारावर प्रवेशपरीक्षा उभी आहे. मुलाच्या साहसाला आधी पात्रता सिद्ध करावी लागते, असा या बदलाचा अन्वयार्थ निघतो. तो चित्रकर्त्यांना अभिप्रेत नसेलही; संहितेत तो आहे.

योगायोग असा की ज्या ऑक्टोबर २०१७ मध्ये हा मोठा झालेला फेणे पडद्यावर आला, त्याच महिन्यात फुरसुंगीचा समावेश पुणे महापालिकेत झाला. २०२४ मध्ये ते गाव पुन्हा महापालिकेबाहेर पडले, उरुळी देवाचीसह त्याची स्वतंत्र नगरपरिषद झाली. शाळकरी फेणे मोठ्या पडद्यावर अद्याप यायचा आहे.