कामगाराच्या घराची जबाबदारी कोणाची?

8 डिसेंबर 2025 रोजी डॉ. बाबा आढाव गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या पुणे जिल्ह्याने त्यांच्या वाटचालीतला धडा पिंपरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लावून पाहायला हवा. तसं झालं नाही, तर या पट्ट्याचं भवितव्य चांगलं नाही.

बाबा आयुर्वेदाचे डॉक्टर. नाना पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात हमाल येत. ओझ्याने खचलेल्या शरीराला औषध पुरत नाही, कामाच्या अटीच बदलाव्या लागतात, हे ओळखून ते संघटनेकडे वळले आणि हमाल पंचायत उभी राहिली. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक रोज बदलतो, पण म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नाही असं चालणार नाही, हे त्या कायद्याचं सार. मालकाने मजुरीबरोबर लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची. पुढे 1974 मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, मार्केट यार्डाजवळ हमालनगर वसलं. मजुरी, भाकरी आणि छप्पर यांचा लढा बाबांनी कधी वेगळा मानला नाही.

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा कारखान्याबरोबर कामगार वसाहतही आली. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. ते 2021 मध्ये विसर्जित झालं. झोपडपट्ट्या मात्र उरल्या. चाकणला तर तेवढाही विचार झाला नाही. मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा, विदर्भातून पोरं आली. त्यांच्या राहण्याचं ओझं म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांवर पडलं. पत्र्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडतो. भाडं रोख, करारनामा नाही. त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही, खोली कधी सोडावी लागेल याचा नेम नाही. कंपनी म्हणते, हा ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणतो, राहण्याचं त्याचं तो बघेल.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुरांना राहायला योग्य जागा देण्याचं बंधन ठेकेदारावर घातलं होतं. अंमल तोकडा होता, पण बोट ठेवायला कलम होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ठेकेदाराविना आलेला मजूरही स्थलांतरित ठरला, हे चांगलंच. पण जागा देण्याचं ते स्पष्ट बंधन गळालं.

2020 च्या टाळेबंदीत मजूर गावाकडे निघाले, कारण काम थांबल्यावर इथे थांबण्याजोगं त्यांचं काहीच नव्हतं. तरीही आपण घडी पुन्हा तशीच बसवली. ज्याचं नाव भाडेकरारावर नाही, मतदारयादीत नाही, त्याच्यासाठी नगरसेवक भांडत नाही. असा लाखोंचा समाज वर्षानुवर्षं परका ठेवला की एखाद्या अफवेवरूनही स्थानिक विरुद्ध परप्रांतीय अशी आग लागू शकते, आणि तिची झळ गाव, कामगार, कारखाना यांपैकी कोणालाच चुकणार नाही.

उपाय माथाडी कायद्यातच आहे. प्रत्येक कारखान्याकडून, कंत्राटी आणि शिकाऊ कामगार धरून, डोईमागे घरासाठी लेव्ही घ्यावी. एमआयडीसीने नव्या भूखंडांबरोबर भाड्याच्या वसाहतींसाठी जमीन राखावी. खोलीमालकांना करारनामा सक्तीचा करावा. कामगार संघटनांनी वेतनकराराच्या मागणीपत्रात घराचं कलम पहिल्या पानावर घ्यावं. बाबांना खरी आदरांजली वाहायची असेल, तर ती या मागणीपत्रातूनच वाहावी लागेल.