बंद दुकानाची रजा कोणाच्या खाती?

मुंबईत पाऊस हा काही आगंतुक पाहुणा नव्हे. तो दरसाल येतो, आणि तरीही दरसाल आमच्या पेढ्यांतून व कचेऱ्यांतून तोच वाद नव्याने उपस्थित होतो: पाण्यामुळे धन्याने दुकान उघडले नाही, त्या दिवसाचे नुकसान नोकराने सोसावे काय? १९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीमुळे महानगरपालिकेने सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांस सुटी जाहीर केली. खासगी कचेऱ्यांनी कामाचे स्वरूप पाहून नोकरांस घरून काम करू द्यावे, असे सांगण्यात आले. सरकारी कारकुनाचा प्रश्न तेथेच मिटला. परंतु कापडाच्या दुकानातील गुमास्त्याने घरून कोणते काम करावे? तागे घरी नेऊन फाडावेत काय?

पुष्कळ ठिकाणी अशा दिवसाची नोंद मुकाट्याने नोकराच्या नैमित्तिक रजेत केली जाते. ही रीत आम्हांस सर्वस्वी अन्यायाची वाटते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्या कायद्याखालील कामगारास वर्षाकाठी ८ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा दिली आहे. घरातील दुखणे, मुलीचे लग्न, मुलाचा शाळाप्रवेश अशा अडचणींसाठी ती आहे. रजा मागणारा नोकर असतो. येथे तर नोकराने काही मागितलेलेच नाही, कुलूप धन्याने लावले आहे. धन्याच्या कुलपाची किंमत नोकराच्या आठ दिवसांतून वळती करणे यास हिशेब म्हणता येत नाही.

कारखान्यांसाठी निदान काही तरतूद आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तात्पुरत्या कामबंदीबद्दल मूळ वेतन व महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम भरपाई म्हणून देण्याचा नियम १९५३ साली आला, व पुढे १९८२ च्या दुरुस्तीने नैसर्गिक आपत्ती हेही अशा कामबंदीचे एक कारण म्हणून त्यात घातले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच व्यवस्था कायम आहे. पण ती कारखाने, खाणी व मळे यांपुरतीच. तेथेही किमान ५० कामगार हवेत व कामगाराची एक वर्षाची अखंड नोकरी हवी. शिवाय कामगाराने दिवसातून एकदा तरी नेमल्या वेळी कामाच्या जागी हजर झाले पाहिजे, नाही तर भरपाई बुडाली! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवशी कुर्ल्याच्या कामगाराने कारखान्याच्या फाटकाशी हजेरी कशी द्यावी, हे संहिता रचणाऱ्यांनीच सांगावे.

आमचे व्यापारी बांधव म्हणतील, “आमचा माल भिजला, गिऱ्हाईक आले नाही, वर पगारही आम्हीच द्यावा?” त्यांचे नुकसान खरे आहे, आणि लहान दुकानदाराचे तर फारच खरे आहे. परंतु मालाचा विमा उतरविता येतो, भाव व हंगाम पाहून तूट पुढे भरून काढता येते. महिन्याच्या पगारावर भाडे व वाणसामान भागविणाऱ्याने बुडालेला दिवस कोठून भरून काढावा?

धन्याने आपण होऊन दुकान बंद ठेवले असेल, तर तो दिवस पूर्ण पगाराचा धरावा व रजेच्या खात्यास हात लावू नये, असे आमचे मत आहे. दुकान उघडे असून गाड्या बंद पडल्यामुळे नोकर पोहोचला नाही, तर गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे नोकराच्या संमतीने रजा लावण्यास आमची हरकत नाही, मात्र बिनपगारी गैरहजेरी मांडू नये. पाणी ओसरेना व बंदी लांबली, तर पुढील दिवसांस कारखान्यांप्रमाणे निम्मे वेतन तरी द्यावे, आणि त्यासाठी फाटकावरील हजेरीची अट लावू नये.

यासाठी सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी दुकानाच्या पन्हळी साफ होतात, माल फळ्यांवर चढतो. त्याच आठवड्यात हे नियम एका कागदावर लिहून हजेरीपटाशेजारी लावावेत.