सुट्टीत आईलाही सुट्टी हवी!



दिवाळीची सुट्टी लागली की घराघरांत एकच भुणभुण सुरू होते. "आई, या सुट्टीत आपण कुठे जायचे?" शाळा बंद, खोली दहा बाय बाराची आणि मुले दिवसभर घरात. मोठा मोबाईलला चिकटलेला, धाकटी आईच्या पदराला. गावी जावे तर गाडीचे आरक्षण कधीच संपलेले असते. मग "बघू, बघू" म्हणता म्हणता शाळा पुन्हा सुरू होते आणि वर्गात बाई विचारतात, "सुट्टीत काय केले?" आपले मूल मान खाली घालते.

मुंबईत राहून मुंबई न पाहिलेली कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. भायखळ्याला वर्षानुवर्षे कामाला जाणारा बाप मुलांना राणीच्या बागेत एकदाही नेत नाही. कारण विचारले तर म्हणतो, "परवडत नाही." खर्च होतो हे खरे आहे. 2017 साली राणीच्या बागेचे मोठ्या माणसाचे तिकीट 5 रुपयांचे एकदम 50 रुपये झाले, तेव्हा गरिबाच्या पोटात गोळा आलाच. पण त्याच घरात फटाक्यांवर किती पैसे जळतात, त्याचा हिशेब कोणी मांडला आहे का? ते पैसे पाच मिनिटांत धूर होऊन जातात. तेवढ्यात चौघांची एक सहल आरामात होते. लोकलमध्ये 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि 12 वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे, हेही लक्षात ठेवावे.

राणीच्या बागेत जायचे तर भायखळा स्टेशनवरून पायी जाता येते. मुले पेंग्विनसाठी हट्ट धरतील, तो पुरवा. पण तिथेच 1872 साली सुरू झालेले जुने वस्तुसंग्रहालय आहे. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मुलांना आवर्जून दाखवा. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. एवढी गोष्ट सांगितली तरी मूल तो हत्ती विसरणार नाही. बाग बुधवारी बंद असते, हे पाहून निघा.

मूल प्रश्न विचारून भंडावणारे असेल तर त्याला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्या. ते 1985 पासून सुरू आहे. "हात लावू नकोस" ही आपली रोजची ओरड तिथे चालत नाही. कळ दाबून, चाक फिरवूनच तिथले विज्ञान समजते.

आणि वर्षातून एकदा तरी कान्हेरी पाहावी. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत गेले की पाच-सहा किलोमीटरवर लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी! इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालू होते. 3 क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. मान वर करून पाहाव्या लागतात. लेण्यांजवळ कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढी मुलांना दाखवा. पावसाचे पाणी पन्हळीतून तिथे उतरवून भिक्षू वर्षभर वापरत. आपल्याकडे एक दिवस नळ गेला तर चाळीत हलकल्लोळ होतो, त्या मुलांना ही पोढी पुस्तकापेक्षा जास्त शिकवील.

भिंतींवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशा भिक्षुणी आणि गृहिणीही आहेत. आपल्या लेकींना हे जरूर सांगा. बाईने दिलेले दान बाईच्या नावाने दगडावर कोरले गेले, तेही दीड-दोन हजार वर्षांपूर्वी!

आता मुख्य मुद्दा. सहलीची मजा घरातले सगळे घेतात, आई मात्र घेते का? आदल्या रात्री पिठे मळून, पहाटे चारला उठून ती पुऱ्या तळते. पोरांना आंघोळी घालते, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीने घेते. बाहेर पडल्यावर एका हातात पिशवी, कडेवर मूल. नवरा पुढे मोकळा चालतो आणि मागे वळून म्हणतो, "लवकर चल ना!" संध्याकाळी सगळे अंथरुणावर आडवे होतात आणि ती पुन्हा गॅसपाशी उभी राहते. याला सहल म्हणायचे का? ही तर जागा बदलून केलेली रोजची ड्युटीच!

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. एका दिवसात एकच ठिकाण. जेवण साधे असावे, चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी. कान्हेरीला माकडे पिशवी ओढतात, तेव्हा डबा झाकूनच ठेवा. पिशवी आणि लहान मूल बाबांकडे. पाण्याच्या बाटल्या थोरल्याकडे. आजीचे गुडघे दुखत असतील तर चढण टाळून बाग निवडा, पण आजीला घरी राखणीला ठेवू नका. रविवारी निघायचे तर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच पाहा.

एक गोष्ट बोलायला बायका लाजतात, म्हणून इथे लिहिते. बाहेर स्वच्छतागृहाची सोय नसते, या भीतीने कित्येक जणी दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. मग रात्री डोके दुखते, लघवीला जळजळ होते. पोहोचल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी विचारा आणि पोटभर पाणी प्या. नवऱ्यांनीही ही चौकशी करायला काही हरकत नाही.

आणि शेजारच्या त्या ताईंचाही विचार करा. त्या चार घरची धुणीभांडी करतात. दिवाळीत मालकिणींकडे पाहुणे येतात, त्यामुळे त्यांचे काम दुप्पट होते. त्यांना सुट्टी कुठली? त्यांची मुले कुलपाआड किंवा रस्त्यावर दिवस काढतात. तुमच्या दोघांबरोबर त्यांचा एखादा घेऊन गेलात तर चार चपात्या जास्त लागतील, इतकेच.

परत आल्यावर रात्रीची खिचडी बाबांनी टाकावी. मीठ कमी-जास्त झाले तरी कोणी नाव ठेवू नये. यंदा कुठे जाऊन आलात, किती खर्च झाला आणि खिचडी कोणी केली, ते चार ओळींत जरूर कळवा.