‘देऊ नये’ म्हणजे ‘विषारी’ नव्हे

परवा आमच्या महिला मंडळात एका गृहस्थांनी एचपीव्ही लशीवर तासभर व्याख्यान झोडलं. त्यांचं म्हणणं एवढंच: या लशीनं पोरींची कूस उजवत नाही, राहिलाच तर गर्भ पडतो. पुरावा म्हणून खोक्यातला कागद फडकावला. ‘गरोदरपणी देऊ नये, असं कंपनीच लिहिते!’ समोरच्या आया माना डोलावत होत्या.

मला संताप आला, कारण या कागदानं गेल्या वर्षी माझ्या भाचीचा जीव टांगणीला लावला होता. दुसरा डोस घेतला आणि आठ दिवसांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ती पट्टी मुठीत धरून न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून होती. शेजारणीनं सल्लाही देऊन टाकला होता, ‘पाडून टाक.’

अहो, त्या वाक्याचा अर्थ तरी समजून घ्या. गरोदर बायकांना लशीच्या चाचण्यांत मुद्दाम घेत नाहीत. पुरेशी माहिती नाही म्हणून ‘थांबा’ म्हणतात. इजा दिसली म्हणून नव्हे. रुबेलाच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून ती गरोदरपणी टाळतात. एचपीव्हीच्या लशीत विषाणूच नसतो. त्याच्या कवचातल्या प्रथिनाची पोकळ नक्कल असते, आत जनुकं नाहीत. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅकही याच जातीची. मग संसर्ग होणार कुठून? आणि नकळत लस घेतलेल्या गरोदर बायका जगात थोड्या नाहीत. डेन्मार्कनं 2006 ते 2013 मधल्या गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. गर्भपात, जन्मजात व्यंग, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कशाचंच प्रमाण लशीमुळे वाढल्याचं दिसलं नाही. भाचीच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘गर्भाला काही करायचं नाही. तिसरा डोस बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असलीस तरी चालेल.’

वंध्यत्वाचं म्हणाल, तर अमेरिकेत सुमारे 2 लाख मुली-तरुणींच्या नोंदी तपासूनही अंडाशय अकाली निकामी होण्याचा धोका वाढलेला आढळला नाही.

गृहस्थांनी खम्मम आणि वडोदऱ्यात ही लस दिल्यावर काही मुली दगावल्याचं जुनं प्रकरणही उकरलं. तिथं मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हे खरंच आणि संतापजनकच. त्यावर आम्हीही तेव्हा भांडलो. पण चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध जुळला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

कुशीला धोका आहे तो विषाणूचा. त्यानं गर्भाशयमुखावर बिघाड केला की तिथला शंकूसारखा तुकडा कापून काढावा लागतो, आणि मग पुढच्या खेपेला दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याची भीती वाढते. 2022 मध्ये याच विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं भारतात सुमारे 80 हजार बायका गेल्याचा अंदाज आहे.

त्या दिवशी माना डोलावलेल्या आयांना माझी विनंती आहे. तुमच्या मुली 9 ते 14 वर्षांच्या आहेत. लस याच वयात द्या; गरोदरपणाचा प्रश्नच उरत नाही.